कान दोन, स्पीकर दहा : गेमिंग हेडसेट घेताना

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी संयोजकांनी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. त्यातली एक आधी वाचून दाखवतो, कारण आजचा विषय तिच्यात पुरता आलाय. "मुलगा बारावीला आहे. परीक्षा झाली की हेडसेट घेऊन देईन असं मी कबूल करून बसले. आता तो म्हणतो, साधा स्टिरिओ नको, खरा सेव्हन पॉइंट वन हवा, नाहीतर शत्रू मागून येतो ते कळत नाही. त्याची किंमत साध्याच्या दुप्पट आहे. तो मला बनवतोय का?"

ताई, तुम्ही कुठे बसला आहात ठाऊक नाही, पण मुलगा तुम्हाला बनवत नाहीये. खोक्यावर जे छापलंय ते त्याने खरं मानलंय, एवढंच. आणि त्याची गरजही खरी आहे. व्हॅलोरंट किंवा बीजीएमआयसारख्या खेळात समोरचा दिसण्याआधी त्याची पावलं ऐकू येतात. ती डावीकडून की उजवीकडून, पुढून की मागून, हे ज्याला आधी कळलं तो वाचला. प्रश्न असा आहे की ते कळायला प्रत्येक कानावर पाच-पाच स्पीकर लागतात का.

आधी एक प्रयोग करू. सगळ्यांनी डोळे मिटा. आपले एक कार्यकर्ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन सभागृहात फिरतील. जुडगा वाजला की आवाजाच्या दिशेने बोट करा... हं, आता डोळे उघडा. बाजूने आलेल्या आवाजाला जवळपास सगळ्यांची बोटं बरोबर होती. मधल्या रांगेत मात्र गंमत झाली. जुडगा अगदी पाठीमागे वाजला आणि चार-पाच जणांनी माझ्याकडे बोट केलं. आता एक कान बोटाने घट्ट बंद करा आणि पुन्हा तेच... बघितलंत? बोटं चारी दिशांना. ज्यांच्या घरी एका कानाने कमी ऐकणारं माणूस आहे त्यांना हे नवीन नाही. माझ्या आईचा डावा कान उतारवयात गेला. कुकरची शिट्टी आपल्याकडे झाली की शेजारी, हे ती मला विचारायची. शिट्टी तिला ऐकू यायची, पण कुठली ते कळायचं नाही.

म्हणजे दिशा ही आवाजात नसते. ती दोन कानांच्या मधे, मेंदूत तयार होते. कशी ते बघू.

किल्ल्या उजव्या हाताला वाजल्या तर आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला जरासा उशिरा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानाशी जायला त्याला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद जादा लागतात. आवाज नाकासमोरून एक अंश जरी सरकला तरी हा फरक सुमारे १० मायक्रोसेकंदांनी बदलतो, आणि मेंदू तेवढाही टिपतो. दुसरी गोष्ट, मधे डोकं आहे. त्याची सावली पडते. पलीकडच्या कानाला आवाज हळू पोचतो, पण हे फक्त बारीक, उंच वारंवारतेच्या आवाजांचं. खर्जातला आवाज डोक्याला सहज वळसा घालून जातो. खर्जासाठी वेळेचा फरक आणि बारीक आवाजासाठी जोराचा फरक, अशी वाटणी लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली मांडली. दोन्हींमधली सीमा साधारण १,५०० हर्ट्झच्या आसपास येते.

पण मधल्या रांगेचं काय झालं? आवाज अगदी नाकासमोर असो की अगदी पाठीमागे, दोन्ही कानांना तो एकाच वेळी आणि एकाच जोराने पोचतो. वेळेचा फरक शून्य, जोराचा फरक शून्य. रॅलेच्या हिशोबात पुढे आणि मागे सारखंच. तरी आपण बहुतेक वेळा बरोबर ओळखतो, ते बाहेरच्या कानामुळे. पाळीपासून वरच्या घडीपर्यंत जे सगळे खड्डे आणि वळ्या आहेत ना, ते दागिने घालण्यासाठी दिलेले नाहीत. समोरून आलेला आवाज त्या वळ्यांवर एका तऱ्हेने आपटतो, मागून आलेला दुसऱ्या तऱ्हेने, वरून आलेला तिसऱ्या. त्यात काही वारंवारता वाढतात, काही मरतात. मुख्यतः ४-५ हजार हर्ट्झच्या वर हा खेळ चालतो. मेंदूने जन्मापासून आपल्याच कानांची ही सही पाठ केलेली असते.

ती खरोखर पाठ केलेली असते याचा एक सुंदर पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली काही लोकांच्या कानांच्या वळ्यांत छोटे साचे बसवले, म्हणजे कानाचा आकारच बदलला. डावं-उजवं त्यांना कळत राहिलं, पण आवाज वर आहे की खाली हे त्याच क्षणी कळेनासं झालं. साचे काढले नाहीत. काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला. आणि साचे काढल्यावर? जुने कान विसरला नव्हता! दोन भाषा येणाऱ्या माणसासारखं.

जाता जाता एक सांगतो. कानाची ही सही वाचायला आवाजात भरपूर वारंवारता असाव्या लागतात. किल्ल्यांचा खुळखुळाट, पावलांचा खसखसाट, वाळलेली पानं, यांत त्या असतात. रातकिडा मात्र एकच सूर धरून बसतो, म्हणून तो खोलीत शिरला की अर्धी रात्र शोधला तरी सापडत नाही. गेममधली पावलं ओळखू येतात याचं एक कारण त्यांचा आवाज असा 'घाणेरडा' असतो हेच आहे.

आता सेव्हन पॉइंट वनकडे येऊ. ही मुळात खोलीची कल्पना. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या समोर मधे एक स्पीकर, समोर डावी-उजवीकडे दोन, बाजूंना दोन, मागे दोन, असे सात. शिवाय स्फोट आणि गडगडाटासाठी एक सबवूफर. तो वारंवारतेचा अगदी छोटा तुकडा वाजवतो म्हणून त्याला पूर्ण एक न मोजता पॉइंट वन म्हणतात. खोलीत ही रचना उत्तम चालते, कारण मागचा डावा स्पीकर वाजला की त्याचा आवाज दोन्ही कानांना जातो. डाव्याला आधी, उजव्याला वळसा घालून उशिरा, आणि दोन्हीकडे 'मागून आलो' ही कानाची सही घेऊन. म्हणजे आपण आत्ता पाहिलेलं सगळं आपोआप घडतं. काम खोली करते, डोकं करतं, कान करतो.

'ट्रू' सराउंड हेडसेट म्हणजे हेच सगळे स्पीकर कानावरच्या कपात भरायचे. रेझरच्या टायामॅट ७.१ मध्ये प्रत्येक कपात पाच, असे दहा ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे हेडफोनच्या आतला छोटा स्पीकर. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. मलाही वाटलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या बोनसमधून मी असा एक घेतला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. इंजिनिअर माणूस, म्हटलं सात वाहिन्यांना सात ठिकाणं हवीत, हिशोब साफ आहे. घरी आणून चाचणीची फीत लावली. 'मागे डावीकडे' असा आवाज आला तो डाव्या कानाच्या पाळीशी. 'पुढे डावीकडे' म्हणून आला तोही डाव्या कानाशीच, दोन बोटं पुढे. शत्रू माझ्या मागे नव्हता, तो माझ्या कपात बसला होता. दोन तासांनी मान दुखायला लागली ते वेगळंच.

चूक कुठे होती? दहा ड्रायव्हर दिले, पण खोली दिलीच नाही. कपातला मागचा डावा ड्रायव्हर फक्त डाव्या कानाला ऐकू जातो. उजव्याला काहीच नाही. उशीर नाही, सावली नाही. निसर्गात असा एकाच कानाला ऐकू येणारा आवाज जवळजवळ एकच, कानाशी गुणगुणणारा डास. त्यामुळे मेंदू म्हणतो, आवाज कानाशी आहे. शिवाय तेवढ्याशा जागेत पाच ड्रायव्हर बसवायचे म्हणजे ते लहान हवेत, आणि सगळे एकसारखे नसतात. पुढचा मोठा, मागचा चिमुकला. शत्रू पुढून मागे गेला की त्याच्या बुटांचा आवाजच बदलतो. खर्च मात्र दहा ड्रायव्हरांत विभागला जातो, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर स्वस्तातला.

अगदीच टाकाऊ आहे असं म्हणणार नाही. मागचा ड्रायव्हर तिरका बसवला असेल तर कानाच्या वळ्यांवर आवाज थोडा वेगळ्या बाजूने पडतो, त्याने पुढे-मागेचा अंदाज काहींना येतो. सिनेमे पाहायला कुणाला आवडत असेल तर आवडो. पण दुप्पट पैसे देण्याइतकं काही त्यात नाही, हे माझं मत.

आता दुसरी वाट, व्हर्च्युअल म्हणजे आभासी. नाव वाईट पडलंय बिचाऱ्याचं. 'खरं' आणि 'आभासी' अशा दोन पाट्या शेजारी लावल्या तर माणूस कुठल्या दुकानात जाईल? पण विचार करा. कानाच्या पडद्याला शेवटी दोनच गोष्टी मिळतात, डाव्या कानातला हवेचा दाब आणि उजव्या कानातला. मागे डावीकडे आवाज झाला असता तर या दोन ठिकाणी नेमका जो दाब पोचला असता, तो हिशोब करून तयार केला आणि दोन चांगल्या ड्रायव्हरांनी दोन कानांत सोडला, तर मेंदूला फरक कळायचं कारण नाही. हा हिशोब म्हणजे एचआरटीएफ. एका दिशेहून आवाज आला तर तुमचं डोकं, खांदे आणि कान त्याचं काय करतात, याचा तक्ता.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत वाइटमन आणि किस्लर यांनी १९८९ साली लोकांच्या कानांत बारीक मायक्रोफोन घालून प्रत्येकाचा तक्ता मोजला आणि तोच वापरून हेडफोनवर आवाज ऐकवले. लोकांनी दाखवलेल्या दिशा खऱ्या स्पीकरच्या वेळी दाखवलेल्या दिशांच्या फार जवळ आल्या. पुढे-मागेची गल्लत थोडी वाढली, एवढंच. त्याच सुमारास नासातही वैमानिक आणि अंतराळवीरांना लक्षात ठेवून असंच काम चालू होतं. १९९४ मध्ये एमआयटीत केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांतून ७१० दिशांचं मापन करून ते सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी ऑरिअल कंपनीच्या साउंड कार्डांनी हे गेममध्ये आणलं, मग कंपनी बुडाली आणि विषय मागे पडला. आज व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ असा पर्यायच आहे, विंडोजमध्ये विंडोज सोनिक फुकट आहे, प्लेस्टेशन ५ मध्ये हे यंत्रातच आहे.

मग सगळं छान असताना कित्येक जण का म्हणतात की व्हर्च्युअल म्हणजे बाथरूममध्ये बसल्यासारखं वाटतं? तीन कारणं, आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

एक, तक्ता तुमच्या कानांचा नसतो. केमारचा असतो किंवा कुणा सरासरी माणसाचा. दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं. नंबर जवळचा असेल तर चालून जातं, नसेल तर समोरचा आवाज डोक्यात किंवा मागे ऐकू येतो. म्हणून प्लेस्टेशन ५ ने सुरुवातीलाच पाच वेगवेगळे तक्ते दिले, ऐकून बघा आणि जुळेल तो घ्या. ज्यात असा पर्याय असेल त्यात दहा मिनिटं घालवा. आणि मघाचा साच्यांचा प्रयोग आठवा, मेंदू नवे कान शिकतो. एका संध्याकाळीत 'बकवास आहे' म्हणून बंद करू नका, आठवडाभर एकच सेटिंग ठेवून खेळा.

दोन, खऱ्या जगात आपण मान हलवतो. पुढे-मागेची शंका आली की मान किंचित वळवली तरी शंका मिटते, हे वॉलाख यांनी १९४० सालीच दाखवलं. हेडफोन मात्र मानेबरोबर फिरतो. पण गेम खेळणाऱ्याचं नशीब चांगलं, त्याच्या हातात माउस असतो. पावलं समोर की मागे कळेना, तर माउस थोडा डावीकडे फिरवा. समोरची पावलं उजव्या कानात सरकतील, मागची डाव्या. सिनेमा बघणाऱ्याला हे करता येत नाही.

तीन, फोडणी दोनदा पडते. माझा भाचा एकदा कुरकुरत आला, "मामा, नवीन हेडसेट घेतल्यापासून मी जास्तच मरतोय." बघितलं तर गेममध्ये एचआरटीएफ चालू, विंडोजमध्ये स्पेशियल साउंड चालू, आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये ७.१ चं बटण चालू. गेमने दिशेचा हिशोब करून दोन कानांसाठी तयार केलेला आवाज विंडोजने पुन्हा खोलीत ठेवला, आणि ती खोली हेडसेटने आणखी एका खोलीत. पावलं म्हणजे नुसता प्रतिध्वनी. दोन बटणं बंद केली, पोरगा खूश.

तेव्हा नियम असा. गेममध्ये स्वतःचा एचआरटीएफ किंवा हेडफोनसाठीचा थ्रीडी पर्याय असेल तर तो चालू करा, बाकी सगळं बंद, विंडोज साध्या स्टिरिओवर. गेमला कुठली वस्तू कुठे आहे हे नेमकं माहीत असतं, उंचीसकट, त्यामुळे तिथला हिशोब सगळ्यात चांगला. गेममध्ये तो पर्याय नसेल पण ७.१ वाहिन्या बाहेर देता येत असतील, तर विंडोजचा किंवा हेडसेटचा, कुठला तरी एकच आभासी पर्याय चालू करा. आणि गेम फक्त स्टिरिओच देत असेल तर काहीच चालू करू नका. दोन वाहिन्यांत मिसळून गेलेलं पुढे-मागे कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं काढून देत नाही. ते फक्त घुमारा घालतं आणि आपल्याला 'मोठं' वाटतं. गाण्यांना तर नकोच.

हे सगळं ध्यानात घेतलं की दुकानात काय बघायचं ते सोपं होतं. '७.१' हा शब्द बाजूला ठेवा, तो हिशोब बहुतेक वेळा फुकटात मिळतो. एक चांगली स्टिरिओ जोडी घ्या. मोठ्या स्पर्धांत खेळाडू कानात साधे स्टिरिओ इअरफोन घालून खेळतात आणि वरून प्रेक्षकांचा गोंगाट अडवायला मोठा हेडसेट लावतात, तेव्हा पोरांना हे पटायला हरकत नाही. '५० मिमी ड्रायव्हर' आणि '२० ते २०,००० हर्ट्झ' हे आकडे वाचून काही कळत नाही. किती चढ-उतारासह, हे लिहिलेलं नसतं तोवर तो आकडा कुणीही छापू शकतो. ऐकून बघताना धमाक्यांवर भाळू नका. ज्यात बास फार फुगवलेला असतो त्यात स्फोट जोरदार वाटतो आणि त्याच्याखाली पावलं गाडली जातात. ओळखीचं गाणं लावा, टाळ-झांजा स्वच्छ ऐकू येतात का बघा. कानाची सही तिथेच असते.

अंगाला कसा बसतो हे मी आवाजाइतकंच महत्त्वाचं मानतो. ३०० ग्रॅमच्या आसपास बरा. चष्मा असेल तर चष्मा लावूनच घालून बघा, निदान दहा मिनिटं. रेक्झिनच्या गाद्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने चिकटतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्यांचे पापुद्रे सुटून कानाला काळे तुकडे लागतात. कापडी गाद्या किंवा बदलता येणाऱ्या गाद्या बघा. मागून जाळी असलेले उघडे हेडफोन दिशा छान दाखवतात, पण पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं आत येतं आणि तुमचा गोळीबार बाहेर जातो. दोन खोल्यांच्या घरात बंद कपच बरे.

ब्लूटूथबद्दल सांगायलाच हवं. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. आणि संगणकावर माइक चालू केला की कित्येक हेडसेट फोन-कॉलच्या पद्धतीवर जातात, तिथे आवाज मोनो होतो. झालं! दिशा संपली, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. बिनतारी हवाच असेल तर वेगळा यूएसबी डोंगल असलेला २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. नाहीतर वायर. वायर कधी चार्ज करावी लागत नाही.

आणि पालकांनी आवाजाच्या पातळीकडे बघावं, किमतीपेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ असा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. पावलं ऐकू यावीत म्हणून पोरं आवाज वाढवतात आणि मग बंदुका त्याच आवाजात कानात फुटतात. गेममध्ये 'नाइट मोड' किंवा मोठे आवाज दाबण्याचा पर्याय असेल तर तो लावा. बारीक आवाजांची कानाची सही पहिली जाते ती अशाच ऐकण्याने, आणि ती कुठल्या सेटिंगमध्ये परत मिळत नाही.

शेवटची चिठ्ठी. "मला डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही. मी कुठला सराउंड घेऊ?" मित्रा, कुठलाच नको, ते पैसे चांगल्या माइकवर घाल. विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोन तिन्हींत सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ आहे, तो चालू कर. त्याने दिशा मिळणार नाही, पण डावीकडून येणारा निदान उजव्या कानात ऐकू येईल, आत्ता तो तुला ऐकूच येत नसेल. दिशा डोळ्यांनी बघ. बीजीएमआयच्या छोट्या नकाशावर पावलांच्या खुणा उमटतात, फोर्टनाइटमध्ये आवाज पडद्यावर दाखवायचा पर्याय आहे. आणि स्टिरिओ-मोनो बदलून बघायला आज माझा लॅपटॉप इथे आहेच, कार्यक्रम संपला की पुढे ये.